उद्यमबाग आणि शिनोळी जोडायला लाखाचा फायरवॉल घ्यावा का?

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र थोडक्यात असं. बेळगावच्या उद्यमबागेत मशीनिंगचं वर्कशॉप आणि मुख्य ऑफिस, राज्याच्या हद्दीपलीकडे महाराष्ट्रात शिनोळीला दुसरं युनिट. टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) आणि गिऱ्हाइकांची ड्रॉइंग्ज उद्यमबागेतल्या एकाच संगणकावर. शिनोळीची दोन माणसं आळीपाळीने रिमोट डेस्कटॉप (दूरच्या संगणकाचा पडदा आपल्याकडे उघडून काम करण्याची सोय) लावून इंटरनेटवरून थेट त्यात शिरतात; ही सोय भाच्याने फुकट करून दिली. आता दीर म्हणतात, दोन्हीकडे फायरवॉल, म्हणजे इंटरनेटवरची ये-जा तपासणारं उपकरण, बसवू. त्याचं कोटेशन तीन वर्षांच्या लायसन्ससह 96,000 रुपये, वर जीएसटी. बेळगावातल्याच दुसऱ्या विक्रेत्याने दोन छोटे व्हीपीएन राउटर (दोन्ही जागा इंटरनेटवरून खासगी वाटेने जोडणारे) 13,000 आणि जोडणीचे 7,000 असे 20,000 सांगितलेत. फायरवॉलसाठी दीड लाखाची एफडी मोडायची का, हा तुमचा प्रश्न.

एफडी मोडू नका, छोटे राउटर घ्या. पण त्याआधी भाच्याने केलेली सोय आजच बंद करा. राउटर यायला आठवडा लागला तर तेवढे दिवस शिनोळीची बिलं फोनवर सांगून उद्यमबागेत करा.

इतकं निक्षून सांगण्याचं कारण आहे. रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट इंटरनेटला उघडा ठेवणं म्हणजे वर्कशॉपचं मागचं दार रात्रंदिवस रस्त्यावर उघडं ठेवणं. अशी दारं शोधणारे प्रोग्रॅम जगभर अखंड फिरत असतात आणि सापडलं की पासवर्ड मारत बसतात. पोर्टचा नंबर बदलला तरी ते थोडं उशिरा शोधतात, एवढंच. आत शिरलेला माणूस फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागतो. तुमच्याकडे वर्षांची येणी, जॉबवर्कचे हिशेब आणि दुसऱ्यांची ड्रॉइंग्ज त्याच संगणकावर आहेत. त्यामुळे तिन्ही पर्यायांत सर्वांत महाग हा फुकटचाच आहे.

व्हीपीएनमध्ये दोन राउटर आपसात कुलूपबंद वाट तयार करतात. शिनोळीचा संगणक त्या वाटेनेच उद्यमबागेत पोचतो, बाहेरच्याला रिमोट डेस्कटॉप दिसतच नाही. आयपीसेक किंवा वायरगार्ड या पद्धती छोट्या राउटरमध्येही असतात आणि योग्य जोडल्या तर तितक्याच भक्कम असतात. महागड्या फायरवॉलमध्ये जास्तीचं मिळतं ते वेगळं: येणाऱ्याजाणाऱ्या फाइल्सची तपासणी, धोकादायक साइट अडवणं, कुणी काय उघडलं याची नोंद. त्यासाठी लागणाऱ्या धोक्यांच्या याद्या ताज्या राहतात त्या लायसन्सवर. म्हणजे 96,000 हा एकदाचा खर्च नाही, चौथ्या वर्षी नूतनीकरण आलंच. तो आकडा विक्रेत्याकडून आत्ताच लिहून घ्या आणि दिरांना दाखवा.

दिरांचं म्हणणं चुकीचं नाही, वेळ आधीची आहे. वीसेक संगणक झाले, किंवा एखाद्या मोठ्या गिऱ्हाइकाने ऑडिटमध्ये ड्रॉइंग्जच्या सुरक्षेबद्दल लेखी मागणी केली, तर मीच तुम्हाला फायरवॉल घ्या म्हणेन. त्या ऑर्डरमधूनच तो खर्च निघेल.

आता पैशाचं. स्टॅटिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता, वर्षाला 3,000 प्रमाणे दोन्हीकडे घ्या असं सांगितलंय, पण एकच पुरेल. उद्यमबागेला घ्या, शिनोळीचा राउटर तिथून बाहेर हाक मारून जोडला जातो. तीन वर्षांचा हिशेब जीएसटी सोडून: फायरवॉल आणि एक आयपी 1,05,000, छोटे राउटर आणि एक आयपी 29,000. फरक 76,000. तुमची येणी दोन-तीन महिने अडकतात असं तुम्हीच लिहिलंय. ती एफडी पगाराची पाठराखण आहे. मोडली तर व्याजात कपात होईलच, आणि पुढच्या तंगीत कॅश क्रेडिटवर (बँकेच्या खेळत्या भांडवलाच्या कर्जावर) त्याहून महाग व्याज भराल.

फरकातला थोडा भाग मात्र खर्च कराच. दोन एक्सटर्नल हार्डडिस्क घ्या, आलटूनपालटून बॅकअप घ्या आणि एक नेहमी संगणकापासून काढून घरी ठेवा, कारण जोडलेली डिस्कही त्याच हल्ल्यात कुलूपबंद होते. महिन्यातून एकदा त्या बॅकअपवरून टॅलीतली तुमची कंपनी (हिशेबाची फाइल) दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. दोन्हीकडे राउटर आणि फायबरच्या डब्याला छोटा यूपीएस लावा. आपल्याकडे वळवाच्या पावसात वीज कशी जाते-येते ते तुम्हाला सांगायला नको.

एक छुपा खर्च कोटेशनमध्ये दिसत नाही. व्हीपीएन आली की टॅलीचं फोल्डर शिनोळीहून थेट उघडावंसं वाटेल. तसं करू नका, फार संथ चालतं आणि मध्येच लाइन तुटली तर डेटा बिघडू शकतो. रिमोट डेस्कटॉपच वापरा, फक्त व्हीपीएनच्या आतून. मात्र विंडोज प्रोवर एका वेळी एकच माणूस बसू शकतो. दोघांना एकदम काम हवं असेल तर सर्व्हरचं लायसन्स लागेल, आणि तो खर्च राउटरपेक्षा मोठा आहे. सध्याची आळीपाळी चालत असेल तर तीच ठेवा.

बिलांकडे नीट लक्ष द्या. शिनोळी महाराष्ट्रात, उद्यमबाग कर्नाटकात. जीएसटीच्या दृष्टीने तुमची दोन युनिटं दोन वेगळ्या व्यक्ती आहेत. दोन्ही राउटर कर्नाटकच्या जीएसटी नंबरवर घेऊन एक गाडीत टाकून शिनोळीला नेलात, तर तो तुमच्याच दोन नंबरांमधला पुरवठा ठरतो आणि त्याचं वेगळं टॅक्स इन्व्हॉइस लागतं. म्हणून बिलं दोन घ्या: उद्यमबागेच्या राउटरचं कर्नाटकच्या नंबरवर, सीजीएसटी आणि एसजीएसटी 9-9 टक्के; शिनोळीचं महाराष्ट्राच्या नंबरवर, शिनोळीला पोच, आयजीएसटी 18 टक्के. दोन्हींवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट आपापल्या जागी मिळेल. घसारा संगणकाच्या गटात धरता येईल का ते सीएंना विचारा, रक्कम लहान आहे.

जोडणीचे 7,000 सगळे आगाऊ देऊ नका. दोन्ही ऑफिसांच्या नेटवर्कचे आयपी वेगवेगळ्या मालिकेत हवेत, दोन्हीकडे 192.168.1 असेल तर वाट जुळत नाही, आणि ते बदलणं त्याच कामात धरलंय का विचारा. राउटरचे ॲडमिन पासवर्ड आणि सेटिंगची बॅकअप फाइल तुमच्या हातात आली, जुना पोर्ट बंद झाल्याचं बाहेरच्या मोबाइल इंटरनेटवरून तपासून दाखवलं, की उरलेले पैसे द्या.