‘सेवेशी संबंध नाही’ म्हणाले, पुढे काय?

प्रश्न : माझे पती २०१५ साली तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. रात्री दचकून उठतात, पहाटेपर्यंत उंबऱ्यावर बसतात. मेडिकल बोर्डाने नैराश्य ३० टक्के मानलं, पण सेवेशी संबंध नाही म्हणून दिव्यांगत्व पेन्शन नाकारली. अपील करावं का?
— एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : ताई, जरूर करा. बोर्डाच्या कागदांची प्रत मागवा आणि कारणांचा रकाना नीट वाचा. नुसता शेरा मारून कारण दिलं नसेल, तर तिथेच बोट ठेवा. भरतीवेळी आजाराची नोंद नसेल, तर तो सेवेतलाच धरायचा. तसं नाही हे लष्कराने सिद्ध करायचं. धरमवीर सिंग या सैनिकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली हेच सांगितलं. पहिल्यांदा त्रास झाला तेव्हा ते कुठे तैनात होते, हे अपिलात ठळक लिहा. तिथेही नकार आला, तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ आहे. गोळ्या मात्र निकालासाठी थांबवू नका.