कॉकटेलच्या चवीचे एनर्जी ड्रिंक खरोखर कॉकटेलसारखे लागते का?

आपला प्रश्न असा आहे की मोहितो, पिना कोलाडा, मार्गारिटा अशी नावे मिरवणारी मद्यविरहित एनर्जी ड्रिंक्स त्या त्या कॉकटेलसारखी लागतात का, आणि मुद्दाम विकत घेऊन चाखण्याइतकी त्यांची चव वेगळी असते का. माझे मत आधीच सांगून टाकतो: पिना कोलाडा बऱ्यापैकी जमते, मोहितो अर्धामुर्धा जमतो आणि मार्गारिटा बहुतेक वेळा फसते. या चवी मी वेगवेगळ्या उत्पादकांच्या कॅनमधून चाखल्या आहेत आणि मूळ कॉकटेल्सही मला परिचयाची आहेत. चाखलेल्या कॅनच्या कंपन्यांची नावे मुद्दाम टाळतो, कारण नाव एकच असले तरी प्रत्येकाची चव निराळी असते. मात्र हा क्रम असाच का लागतो, याची कारणे सगळ्यांना सारखीच लागू पडतात.

सर्वांत आधी हे लक्षात घेतले पाहिजे की कॉकटेलची चव येथे कोऱ्या पाण्यावर चढवलेली नसते. तिच्याखाली एनर्जी ड्रिंकची स्वतःची, बरीच हट्टी अशी चव असते. थायलंडमधील ‘क्रेटिंग डेंग’ या पेयावरून बेतलेले ‘रेड बुल’ १९८७ मध्ये ऑस्ट्रियात बाजारात आले, आणि त्यानंतर ती आंबटगोड, किंचित औषधी चव या संपूर्ण वर्गाची ओळख होऊन बसली. त्या पेयाच्या २५० मिलिलिटरच्या नेहमीच्या कॅनमध्ये ८० मिलिग्रॅम कॅफिन आणि सुमारे २७ ग्रॅम साखर असते. कॅफिन मुळात कडू असते. तो कडवटपणा झाकण्यासाठी एका बाजूने भरपूर गोडी आणि दुसऱ्या बाजूने सायट्रिक आम्ल वापरले जाते, आणि या तिघांच्या ओढाताणीतून जे उरते त्यावर उत्पादक लिंबू, पुदिना किंवा नारळाचा गंध बसवतो. म्हणून कोणताही असा कॅन चाखताना मी पहिला प्रश्न हा विचारतो की मूळ कॉकटेलमध्ये आंबट, गोड आणि कडू यांचे जे प्रमाण आहे, ते या पायाशी जुळते का.

रम, लिंबू आणि पुदिना यांच्या मोहितोपासून सुरुवात करू, कारण या नावाची पेये सर्वाधिक दिसतात. कॅन उघडल्याबरोबर येणारा वास फसवा असतो. लिंबाची साल आणि पुदिना दोन्ही स्पष्ट जाणवतात आणि अपेक्षा वाढते. पहिल्या घोटात आधी आंबटपणा येतो, लगेच गोडी येते, आणि पुदिना मात्र उशिरा, घोट गिळल्यानंतर घशाशी गारवा म्हणून उमटतो. हा गारवाच चुकीचा आहे. मोहितोत जो पुदिना घालतात त्याचा गंध मुख्यतः कार्व्होन या द्रव्यामुळे येतो, आणि त्याने तोंड फारसे गार पडत नाही. तोंड गार करणारे मेन्थॉल हे पेपरमिंट या दुसऱ्या जातीचे वैशिष्ट्य आहे. ते जिभेवरच्या थंडी ओळखणाऱ्या ग्राहकांना, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या रिसेप्टरना, थेट चाळवते, त्यामुळे प्रत्यक्षात तापमान न बदलताही गार वाटते. उत्पादकाने मेन्थॉलकडे हात जरा सैल सोडला की पेय टूथपेस्टच्या दिशेने सरकते, आणि मी चाखलेल्या मोहितोंपैकी बरेचसे तिकडेच सरकलेले होते.

लिंबाचीही अशीच गत होते. ताज्या लिंबाच्या गंधात सिट्रल या द्रव्याचा मोठा वाटा असतो आणि आम्लयुक्त पाण्यात ते टिकत नाही. दिवसागणिक त्याचे रूपांतर होत जाते. महिनोन्‌महिने टिकावयाच्या कॅनमध्ये ताज्या लिंबाचा गंध भरून ठेवणे म्हणूनच कठीण असते, आणि त्याऐवजी लिंबाच्या गोळीसारखा स्थिर, काहीसा सपाट गंध वापरला जातो. खऱ्या मोहितोत पाने ठेचली जातात, त्यामुळे एक हिरवट, ओलसर वास येतो. तो कॅनमध्ये नसतो, आणि नसणारच.

आता मद्याच्या अभावाबद्दल. अनेकांचा समज असा असतो की मद्य काढले म्हणजे केवळ नशा गेली, चव तशीच राहिली. प्रत्यक्षात अल्कोहोल स्वतः थोडे गोड आणि थोडे कडू लागते, गंधद्रव्ये विरघळवून ठेवते आणि तोंडात एक ऊब निर्माण करते. ही ऊब म्हणजे कल्पना नव्हे. उष्णता आणि मिरचीतील तिखट द्रव्य ओळखणारा जो ग्राहक आपल्या तोंडात असतो, त्याचा उंबरठा अल्कोहोलमुळे खाली येतो आणि शरीराच्या नेहमीच्या तापमानालाही तो ‘गरम’ असा निरोप पाठवू लागतो. कॉकटेलमधील आंबटगोडाला आकार देणारी ही ऊब एनर्जी ड्रिंकमध्ये नसते. तिची थोडीफार भरपाई वायू करतो, कारण कार्बन डायऑक्साइडपासून तोंडात तयार होणारे कार्बोनिक आम्ल हलके टोचते. म्हणूनच कॅन ताजा असेपर्यंत नक्कल टिकते आणि वायू उडाला की ती पार विस्कटते. अर्धा कॅन संध्याकाळपर्यंत ठेवून मग अभिप्राय देणाऱ्यांची मते मी गंभीरपणे घेत नाही.

पिना कोलाडा या बाबतीत सुदैवी आहे. १९७८ मध्ये पोर्तो रिकोने आपले राष्ट्रीय पेय म्हणून जाहीर केलेल्या या कॉकटेलची ओळख अननस आणि नारळ यांवर उभी आहे. त्यातील रम मागच्या रांगेत असते. शिवाय हे दोन्ही गंध प्रयोगशाळेत चांगल्यापैकी साधतात. नारळाचा तो ओळखीचा, लोण्यासारखा गंध लॅक्टोन गटातील द्रव्यांमुळे येतो आणि अननसाचा गंध प्रामुख्याने एस्टर गटातील द्रव्यांमुळे; दोन्ही गट स्वाद बनवणाऱ्यांच्या हाताखालचे आहेत आणि आम्लात लिंबाच्या गंधापेक्षा बरे टिकतात. अननसाचा आंबटगोडपणा एनर्जी ड्रिंकच्या मूळ चवीशी इतका सहज मिसळतो की कडवटपणा कोठे गेला असा प्रश्न पडावा.

उणीव राहते ती दाटपणाची. मूळ पेयात नारळाची साय असते, तिच्यातील स्निग्धता जिभेवर थर धरते आणि गंध हळूहळू सुटतो. कॅनमधील पाणीदार पेयात गंध एकदम नाकात येतो आणि लगेच विरतो, त्यामुळे पहिला घोट भरघोस आणि तिसरा पातळ वाटतो. काही उत्पादक पेय मुद्दाम दुधट दिसेल असे करतात. डोळ्यांना त्याने समाधान मिळते, जिभेला फारसे नाही. साखरविरहित प्रकारात आणखी एक अडचण येते. साखरेच्या सुमारे ६०० पट गोड असणारे सुक्रालोज आणि सुमारे २०० पट गोड असणारे एसेसल्फेम पोटॅशियम यांची जोडी सहसा वापरली जाते, आणि त्यांपैकी सुक्रालोजची गोडी उशिरा चढून बराच वेळ रेंगाळते. नारळाचा गंध विरून गेल्यावर मागे केवळ ती गोडी उरते आणि दुसरा घोट घेण्याची इच्छा कमी होते. पिना कोलाडाच्या बाबतीत तरी मी साखर असलेला लहान कॅनच पसंत करीन.

मार्गारिटा फसण्याचे कारण सोपे आहे. तिच्यातील टकीला या मद्याला घायपाताच्या कुळातील आगाव्हेचा जो वनस्पतीसारखा, थोडा उग्र गंध असतो तो कोणी पेलत नाही, आणि ग्लासच्या कडेवरचे मीठ कॅनला लावता येत नाही. मीठ येथे शोभेपुरते नसते. सोडियममुळे कडू चव दबते आणि उरलेल्या चवी वर येतात. ते काढल्यावर लिंबाचा आंबटपणा आणि कॅफिनचा कडवटपणा दोघेही उघडे पडतात. मी एकदा हे पेय मीठ लावलेल्या ग्लासमध्ये ओतून प्यायलो, तेव्हा ते लक्षणीयरीत्या सुधारले. मार्गारिटा झाले असे म्हणता येणार नाही, पण पिण्याजोगे झाले.

येथे एक विचार सहज मनात येतो. उत्पादकांना गोड, समुद्रकिनाऱ्यावरच्या सुट्टीची आठवण देणारी कॉकटेल्सच का आवडतात, हे मला कळते, पण चवीच्या दृष्टीने त्यांनी कडू कॉकटेल्सकडे वळायला हवे. जिन आणि टॉनिकमध्ये क्विनीनचा कडवटपणा मूळचाच आहे, त्यामुळे तेथे कॅफिनला लपण्याची गरजच उरणार नाही. रम, कोला आणि लिंबू यांच्या ‘क्युबा लिब्रे’चेही तेच, कोलामध्ये कॅफिन पूर्वीपासून आहे आणि आपली जीभ त्याला सरावलेली आहे. ‘मॉन्स्टर’ या एनर्जी ड्रिंकच्या कंपनीने ‘क्युबा-लिमा’ या नावाने त्या अंगाचे पेय काढले होते, आणि निदान कल्पना म्हणून ती निवड मला मोहितोपेक्षा अधिक समंजस वाटते.

चाखायचेच ठरवले तर कॅनमधून थेट पिऊ नका. कॅनच्या लहान तोंडातून नाकापर्यंत गंध पोहोचत नाही, आणि या पेयांत जे काही कॉकटेल आहे ते जवळजवळ सगळे गंधातच आहे. याची खात्री करून घ्यायची असेल तर नाक चिमटीत धरून एक घोट घ्या: मोहितो असो वा पिना कोलाडा, फक्त आंबट, गोड आणि किंचित कडू एवढेच उरते आणि दोघांत फरक सांगणे अवघड जाते. नाक सोडले की नारळ किंवा पुदिना अचानक प्रकट होतो. पेय चांगले थंड असावे, पण ग्लासमध्ये बर्फ घालू नये, कारण वितळलेल्या पाण्याने आधीच पातळ असलेली चव आणखी पातळ होते. पहिला घोट थंड असताना घ्यावा आणि दुसरा थोडा वेळ थांबून. थंडीमुळे गोडी कमी जाणवते, त्यामुळे पेय जरासे कोमट होऊ लागले की उत्पादकाने किती साखर ओतली आहे ते उघड होते. मोहितोच्या बाबतीत ताज्या पुदिन्याची दोन पाने चुरगाळून टाकली आणि लिंबाची फोड पिळली तर हरवलेला हिरवा वास बऱ्याच अंशी परत मिळतो.

त्यात रम घालून नक्कल पूर्ण करण्याचा मोह मात्र आवरावा, आणि हा मोह या चवींच्या बाबतीत अगदी स्वाभाविकपणे होतो. कॅफिनमुळे झोप आणि सुस्ती दबते, रक्तातील अल्कोहोल कमी होत नाही. त्यामुळे आपण शुद्धीत आहोत असे वाटून माणूस अधिक पितो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०१० मध्ये कॅफिन मिसळलेली मद्ये विकणाऱ्या चार कंपन्यांना इशारापत्रे दिली होती, ती याच धोक्यामुळे.

कॅफिनचे प्रमाण कॅनवर वाचूनच घ्यावे, कारण ५०० मिलिलिटरच्या मोठ्या कॅनमध्ये ते १६० मिलिग्रॅमच्या घरात असू शकते. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये निरोगी प्रौढांसाठी एका वेळी २०० आणि दिवसभरात ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन चिंतेचे नाही असे मत दिले. गर्भवती स्त्रियांसाठी दिवसाची मर्यादा २०० मिलिग्रॅमच आहे. मुलांना तर ही पेये देऊच नयेत, आणि फळांच्या रसासारख्या चवीमुळे ती नेमकी त्यांनाच आवडतात. वेळेचाही विचार करावा. कॉकटेलची चव माणसाला संध्याकाळकडे ओढते, परंतु प्रौढांच्या शरीरातील कॅफिन निम्मे व्हायला साधारण पाच तास लागतात, त्यामुळे रात्री आठ वाजता प्यायलेल्या कॅनमधील निम्मे कॅफिन मध्यरात्रीनंतरही आपल्यासोबत जागे असते.

आपल्याला एकच कॅन घेऊन पाहायचा असेल तर पिना कोलाडाचा २५० मिलिलिटरचा, साखर असलेला कॅन घ्या, तो दुपारी ग्लासमध्ये ओतून प्या आणि शक्य झाल्यास कोणाबरोबर तरी वाटून घ्या. पहिल्या तीन-चार घोटांनंतर त्यात नवे काही हाती लागत नाही.