नोकरी सांभाळून नर्सिंगची पदवी करू पाहणाऱ्या विद्यार्थिनीस

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. सोबत पाठवलेली जाहिरातही पाहिली: घरबसल्या एका वर्षात बीएस्सी नर्सिंग, हजेरीची गरज नाही. आधी तिच्याबद्दल सांगते, मग तुझ्या खऱ्या प्रश्नाकडे येते: नोकरी करत पदवी घ्यावी का, आणि अभ्यास कसा जमवायचा. तिथे एक रुपयाही भरू नकोस. दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणासाठी यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, २०२० ची नियमावली आहे. या पद्धतीने कोणते अभ्यासक्रम चालवता येत नाहीत, त्याच्या यादीत नर्सिंग आहे. इंजेक्शन, प्रसूती, जखमेचं ड्रेसिंग या गोष्टी हाताने, कुणाच्या तरी देखरेखीखाली शिकाव्या लागतात, म्हणून ते रास्तच आहे. असं प्रमाणपत्र घेऊन उद्या परिचारिकांची नोंदणी करणाऱ्या महाराष्ट्र परिचर्या परिषदेत गेलीस तर तुझ्या रजिस्ट्रेशनवर अतिरिक्त अर्हता म्हणून ते चढणार नाही. आणि जे तिथे चढत नाही त्याला आपल्या कामात किंमत नाही. कुठल्याही संस्थेला पैसे देण्याआधी परिषदेकडे एवढंच विचारायचं: ही पदवी तुम्ही नोंदवाल का? उत्तर लेखी घे.

तुझ्यासारख्या जीएनएम, म्हणजे नर्सिंग आणि प्रसूतीसेवेचा डिप्लोमा झालेल्या, नोंदणीकृत, नोकरीत असलेल्या परिचारिकांसाठी एक सरळ रस्ता आहे. इग्नू या मुक्त विद्यापीठाचा पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग, म्हणजे जीएनएमनंतरची पदवी. तो आधीच हात तयार झालेल्या परिचारिकांसाठी आहे आणि प्रॅक्टिकल वॉर्डातच होतं, म्हणून जाहिरातीतल्या घरबसल्या पदवीसारखा नाही; तरी परिषदेला वरचा प्रश्न याबद्दलही विचार. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या सहकार्याने तो १९९४ मध्ये सुरू झाला. बारावीनंतर जीएनएम केलेल्यांना रजिस्ट्रेशननंतरचा दोन वर्षांचा अनुभव लागतो आणि प्रवेश परीक्षा द्यावी लागते. नियमित कॉलेजात हीच पदवी दोन वर्षांत होते. इथे किमान तीन वर्षं लागतात. पुस्तकं घरी वाचायची, पण संपर्कसत्रांना नेमून दिलेल्या केंद्रावर जायचं आणि प्रॅक्टिकलला ठरलेल्या वॉर्डात उभं राहायचं. त्यात सूट नाही. २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा झाला आहे, नियामक व्यवस्था बदलते आहे, म्हणून मैत्रिणीने तिच्या वेळी काय केलं यावर जाऊ नकोस. ज्या वर्षी अर्ज करशील त्या वर्षीचं माहितीपत्रक शेवटच्या पानापर्यंत स्वतः वाच.

अमेरिकेतल्या नर्सेस नोकरी करत ऑनलाइन बीएसएन, म्हणजे नर्सिंगची पदवी, करतात ते व्हिडिओ तू पाहतेस असं लिहिलं आहेस. तेही खरंच आहे. तिथे दोन वर्षांची असोसिएट डिग्री घेऊन, परवाना मिळवून वॉर्डात आलेल्या नर्सेस असतात आणि त्या पुढची पदवी करतात. न्यूयॉर्क राज्याने तर २०१७ मध्ये कायदाच केला की नव्या नोंदणीकृत नर्सने दहा वर्षांच्या आत ती पदवी घ्यावी. पण नीट बघ, ऑनलाइन होतो तो भाग मुख्यतः थिअरीचा. हात आधी तयार झालेले असतात. तुझेही झाले आहेत, म्हणूनच हा मार्ग तुला खुला आहे. बारावी झालेल्या तुझ्या धाकट्या बहिणीला तो नाही. तिला नियमित कॉलेजातच घाल.

पदवी घ्यावी का, असं विचारतेस. घे. एम्सच्या नॉरसेट या नर्सिंग ऑफिसर भरतीच्या परीक्षेला जीएनएम उमेदवाराला किमान पन्नास खाटांच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो, पदवीधर मुलीला ती अट नाही. पुढे एमएस्सी करून शिकवायचं असेल तर पदवीशिवाय दारच उघडत नाही, आणि पदवीला पंचावन्न टक्के लागतात. त्यामुळे नुसतं पास व्हायचं या हिशेबाने अभ्यासाला बसू नकोस. पगार लगेच वाढेल या भरवशावर मात्र राहू नकोस. बऱ्याच खासगी हॉस्पिटलांत तो लगेच वाढत नाही.

आता मुख्य गोष्ट. नोकरी करून शिकणाऱ्या मुली बहुतेक वेळा एकाच जागी अडकतात. त्या ड्युटीभर आयसीयूत राबतात, घरी येतात, आंघोळ करतात आणि मग 'अभ्यास' नावाचं दुसरं काम उघडतात. दोन कामं शेजारीशेजारी चालली की दोन महिन्यांत शरीर हात टेकतं. माझं तुला कळकळीचं सांगणं आहे की अभ्यास ड्युटीच्या बाहेर शोधू नकोस. तो तुझ्या चार नंबरच्या बेडवर पडलेला आहे.

समज, तिथे हार्ट फेल्युअरचे आजोबा आहेत. लघवी वाढवणारं लॅसिक्स चालू आहे, हृदयासाठी डिगॉक्सिनही चालू आहे. सकाळच्या रिपोर्टात पोटॅशियम २.९, म्हणजे कमी आलं. तू डॉक्टरांना कळवतेस, ते ड्रिपमधून पोटॅशियम क्लोराइड लिहून देतात, तू पंप लावतेस, पुढच्या सिस्टरला ओव्हर देतेस आणि निघतेस. इथेच थांब. छोट्या वहीत तीन ओळी लिही: पोटॅशियम कमी का झालं, कमी राहिलं तर काय होईल, देताना मी काय सांभाळलं. घरी गेल्यावर या तीनच प्रश्नांसाठी पुस्तक उघड. पहिल्या प्रश्नासाठी तुला मूत्रपिंडातल्या हेन्लेच्या लूपपर्यंत जावं लागेल, कारण लॅसिक्स तिथे काम करतं आणि सोडियमबरोबर पोटॅशियमही बाहेर पडतं. ही झाली फिजिऑलॉजी. दुसऱ्या प्रश्नात कळेल की पोटॅशियम घसरलं की डिगॉक्सिनची विषबाधा लवकर होते. मळमळ, मंद नाडी, डोळ्यांपुढे पिवळसर दिसणं. ही फार्मकॉलॉजी. तिसऱ्यात हे की पोटॅशियम क्लोराइड पातळ न करता थेट शिरेत कधीही ढकलायचं नसतं, हृदय थांबतं. ते तू करतेसच, पण का करतेस हे आता मांडता येईल. आणि त्याच आजोबांची सून शहाळं घेऊन आली तर? त्यांना कदाचित चालेल. शेजारच्या बेडवरच्या, किडनी निकामी झालेल्या बाईंना तेच शहाळं घातक ठरू शकतं, कारण त्यात पोटॅशियम भरपूर असतं. डॉक्टरांना आणि आहारतज्ज्ञांना विचारून नातेवाइकांना समजावणं हे तुझं काम. हा तुझा न्यूट्रिशनचा धडा. एका रुग्णापासून चार विषय झाले आणि यातलं काहीही तू परीक्षेत विसरणार नाहीस, कारण त्याला चेहरा आहे.

असंच बाकीचं. कल्चरचा, म्हणजे जंतू तपासणीचा, नमुना अँटिबायोटिक सुरू करण्याआधी का घ्यायचा, हे मायक्रोबायॉलॉजी. रिसर्चच्या नावाने सगळ्या मुली घाबरतात. तुझ्या वॉर्डात बेडसोरचा, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमांचा, धोका मोजायला ब्रेडन स्केल भरतात ना? सहा ते तेवीस गुण, गुण जितके कमी तितका धोका जास्त. तो दाखल होतानाच भरला जातो का, नंतर पुन्हा कधी भरतात, दर दोन तासांनी कूस बदलल्याची नोंद होते का, एवढं परवानगी घेऊन महिनाभर मोजलंस तरी संशोधन म्हणजे काय ते अंगाला लागेल. मात्र वहीत किंवा असाइनमेंटमध्ये रुग्णाचं नाव, केस पेपरचा नंबर, फोटो यातलं काही येता कामा नये. 'आजोबा, बेड चार' एवढंच.

इंग्रजीचं लिहिलं आहेस. मराठी माध्यमातून आलेल्या मुलींची ही धास्ती मला चांगली माहीत आहे. उपाय तुझ्या हातातल्या नर्सेस नोट्समध्ये आहे. 'पेशंट कम्फर्टेबल, व्हायटल्स स्टेबल' हे लिहिणं आजपासून बंद कर. दुखणं दहापैकी किती होतं, कुठल्या औषधानंतर किती वाजता किती झालं, लघवी किती झाली, ड्रेसिंग कोरडं होतं की ओलं, हे पूर्ण वाक्यात लिही. रोज अशी सहा-सात वाक्यं. वर्षभरात तुझी लेखी परीक्षेची भाषा तयार होईल आणि पुढच्या ड्युटीच्या सिस्टरला रुग्णाची खरी हालत कळेल. हे दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

कम्युनिटी हेल्थ मात्र आयसीयूत सापडणार नाही. सपाट भागात साधारण पाच हजार लोकांमागे एक उपकेंद्र आणि तीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगराळ आणि आदिवासी भागात तीन हजार आणि वीस हजार, हे पाठ करून विषय समजत नाही. सुट्टीत गावी जाशील तेव्हा अर्धा दिवस उपकेंद्रातल्या सिस्टरबाईंबरोबर बस. लसीकरणाचा दिवस निवड. आशाताईंना घरं कशी माहीत असतात, कोणती सून कितव्या महिन्यात आहे हे त्या रजिस्टर न उघडता कसं सांगतात, ते बघ.

ड्युटी आणि झोपेचं आता. अर्ज भरण्याच्या आधी इन्चार्ज सिस्टरांना भेट, नंतर नव्हे. प्रॅक्टिकलच्या काळात रजा लागेल, संपर्कसत्रांच्या दिवशी वीकली ऑफ लागेल, हे मेट्रन मॅडमपर्यंत, म्हणजे हॉस्पिटलच्या मुख्य परिचारिकेपर्यंत, लेखी जाऊ दे. तोंडी 'बघू गं, करू अ‍ॅडजस्ट' याच्यावर तीन वर्षं निघत नाहीत, कारण इन्चार्ज बदलतात. अनुभवाच्या दाखल्यावर रुजू झाल्याची तारीख आणि पद स्पष्ट घे. मूळ प्रमाणपत्रं कोणत्याही हॉस्पिटलाकडे ठेवायला देऊ नकोस, अर्जाच्या वेळी ती हातात लागतात.

मॉर्निंगच्या आठवड्यात, म्हणजे आठ ते दोन, दुपारी तासभर झोप आणि संध्याकाळी नवा धडा वाच. इव्हनिंगच्या आठवड्यात सकाळ तुझी आहे, तेव्हा असाइनमेंट लिही. नाइटच्या आठवड्यात नवीन काहीही शिकायला घेऊ नकोस. रात्री आठ ते सकाळी आठ जागून आल्यावर पुस्तक उघडणाऱ्या मुली मी पुष्कळ पाहिल्या, आणि त्यांना त्यातलं दुसऱ्या दिवशी काही आठवत नसे. वाचलेलं डोक्यात पक्कं होतं ते झोपेत. पहाटे तीनपासून पाचपर्यंत माणसाची सावधता सगळ्यात खाली असते, म्हणून त्या वेळी ड्युटीवर पुस्तक तर सोडच, औषधाचा हिशेबही दुसऱ्या सिस्टरकडून तपासून घे. रात्री दोननंतर चहा नको. कॅफिन निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात, घरी पोहोचून आडवी झालीस तरी ते जागंच ठेवेल. खिडकीला जाड पडदा लाव, फोन आईकडे दे. पदवीसाठी झोप विकलीस तर त्याची किंमत तुझ्या रुग्णाला मोजावी लागेल. ते मला कधीही चालणार नाही.

घरचा विषय नाजूक आहे. तुझ्यासाठी स्थळं येताहेत असं तुझ्या आई म्हणाल्या. लग्न कर किंवा थांब, तो निर्णय तुझा. पण बोलणी चालू असतील तर तीन वर्षांचं शिक्षण चालू आहे, सुट्टीच्या दिवशी वर्ग असतात, हे पहिल्याच भेटीत सांगायचं. रमाबाई रानड्यांच्या पुण्यातल्या सेवासदनाने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी विधवा बायकांना परिचारिकेचं शिक्षण दिलं, तेव्हा त्या बायकांना घरून काय काय ऐकावं लागलं असेल याची कल्पना कर. त्या टिकल्या म्हणून आपल्या गणवेशाला आज इतका मान आहे. तुझे बाबा समजूतदार आहेत. फी कुठून भरणार, घरी पैसे किती पाठवता येतील, हे त्यांना आकडे मांडून सांग. लपवून करू नकोस.

इग्नूच्या ई-ज्ञानकोश या संकेतस्थळावर त्यांचं छापील साहित्य फुकट वाचता येतं. अर्ज करण्याआधीच एक युनिट उतरवून घे आणि मॉर्निंगच्या आठवड्यात वाचून बघ. पेलतंय का, किती वेळ लागतो, ते कळेल. महिनाभर जमलं नाही तर एक वर्ष थांबून पुढच्या प्रवेशाला बसलीस तरी काही बिघडत नाही. तोवर वहीचं काम चालू ठेव.

माझ्याकडची मायक्रोबायॉलॉजी आणि नर्सिंग रिसर्चची पुस्तकं कपाटात आहेत, ती तुझ्यासाठी काढून ठेवते. जूनच्या ड्युटीचं रोस्टर लागलं की त्याचा फोटो पाठव, अभ्यासाचे दिवस आपण दोघी मिळून बसवू. आणि मेट्रन मॅडमशी बोलणं झालं की त्या काय म्हणाल्या ते लगेच कळव. त्यांनी नाही म्हटलं तर अर्जात काय लिहायचं ते मी सांगेन.

तुझी,
मॅडम