वाचकांचे प्रश्न : रक्त काढताना आणि काढल्यावर

आमच्या कलेक्शन सेंटरमधून पाठवलेल्या नमुन्यांत पोटॅशियम वरचेवर ६ च्या वर येतं. पेशंट धडधाकट असतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा काढलं की ४.२, म्हणजे नॉर्मल. चूक कुठे होते? (वाचक, सांगली)

पोटॅशियमचा जवळजवळ सगळा साठा पेशींच्या आत असतो. तांबड्या पेशी फुटल्या की तो सीरममध्ये (गुठळी झाल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवात) उतरतो, म्हणून आधी सीरमचा रंग बघा. फिकट पिवळं हवं. गुलाबी किंवा लालसर असेल तर पेशी फुटल्या आहेत आणि त्या नमुन्यातली एलडीएच, एसजीओटी ही पेशींतली एन्झाइम्सही फुगलेली असणार.

पेशी फुटतात त्या बहुधा घाईमुळे. मोठ्या माणसाला २१ किंवा २२ गेजची सुई लागते (गेजचा आकडा मोठा तितकी सुई बारीक). नाजूक शिरेला २३ ची बटरफ्लाय (पंखांची, मागे बारीक नळी असलेली सुई) चालते, पण २५ ची सुई लावून सिरिंजचा दट्ट्या जोरात ओढला तर रक्त अक्षरशः पिळवटून येतं. स्पिरिट लावल्यावर ३० सेकंद वाळू द्यावं. फुंकर मारून वाळवायचं नाही, कारण त्याने पुसलेली जागा पुन्हा अस्वच्छ होते. सिरिंजमधलं रक्त सुईतून दाबून ट्यूबमध्ये भरू नका. ट्रान्सफर डिव्हाइस (सिरिंज आणि ट्यूब जोडणारं साधन) लावा आणि ट्यूबच्या व्हॅक्यूमला हवं तेवढं ओढू द्या. ट्यूब हलवणं म्हणजे खोकल्याचं औषध हलवणं नव्हे, हळुवार उलटीसुलटी करायची.

आता खरी गोम. सीरम स्वच्छ पिवळं आहे आणि तरीही पोटॅशियम जास्त, असं असेल तर तीन गोष्टी तपासा.

पट्टा बांधून पेशंटला ‘मूठ उघडा, मिटा’ करायला लावलं का? स्नायूंतलं पोटॅशियम त्याच शिरेत उतरतं. मूठ एकदा मिटली की पुरे. पट्टा टोचायच्या जागेच्या चार बोटं वर बांधावा आणि एका मिनिटात सोडावा. शीर शोधण्यातच मिनिट गेलं तर सोडून दोन मिनिटं थांबा, मग पुन्हा बांधा.

दुसरं, नमुना फ्रीजमध्ये ठेवला होता का? सीरम वेगळं न करता गार केलं की पोटॅशियम आत ठेवणारा पेशींचा पंप मंदावतो आणि पोटॅशियम बाहेर झिरपतं, एकही पेशी न फुटता. रंगावरून हे कळत नाही, म्हणून संध्याकाळचं सॅम्पल रात्रभर फ्रीजमध्ये ठेवणाऱ्यांची यातच फसगत होते. ३० मिनिटं गुठळी होऊ द्या (साध्या ट्यूबला तासभरही लागतो), सेंट्रिफ्यूज करून सीरम वेगळं काढा, मग गार करा.

तिसरं, जांभळ्या ट्यूबचं रक्त लाल ट्यूबमध्ये ओतलं का? जांभळ्या ट्यूबमध्ये पोटॅशियमचंच ईडीटीए असतं, म्हणजे कॅल्शियम बांधून रक्त गोठू न देणारं रसायन. अशा नमुन्यात पोटॅशियम भलतंच वर आणि कॅल्शियम भलतंच खाली जातं. ही जोडी दिसली की पेशंटला घाबरवण्याआधी रक्त कोणी काढलं ते विचारा.

ट्यूबांचा क्रम खरंच इतका महत्त्वाचा आहे का? आणि निळी ट्यूब थोडी कमी भरली तर लॅब का परत पाठवते? (डीएमएलटी या लॅब तंत्रज्ञ पदविकेची विद्यार्थिनी, लातूर)

क्रम असा : ब्लड कल्चरची (जंतू शोधण्याच्या तपासणीची) बाटली, फिकट निळी, लाल किंवा पिवळी, हिरवी, जांभळी, शेवटी राखाडी. आधीच्या ट्यूबमधलं रसायन सुईच्या टोकाला लागून पुढच्या ट्यूबमध्ये जाऊ नये, म्हणून. निळी ३ ते ४ वेळा उलटी करावी, गुठळी लवकर करणारं रसायन असलेली लाल किंवा पिवळी ५ वेळा, हिरवी, जांभळी आणि राखाडी ८ ते १० वेळा.

निळ्या ट्यूबमध्ये ३.२ टक्के सोडियम सायट्रेट असतं (तेही कॅल्शियम बांधून रक्त गोठू देत नाही) आणि हिशेब ९ भाग रक्ताला १ भाग सायट्रेट असा पक्का. २.७ मिलि रक्ताला ०.३ मिलि. रक्त कमी पडलं की सायट्रेट जास्त होतं, तपासणीत घातलेलं कॅल्शियमही ते बांधून टाकतं, गुठळी उशिरा होते आणि आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप) खोटा वाढतो. वॉर्फरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेणाऱ्याचा डोस त्यावर कमी केला गेला तर धोका उघड आहे. बटरफ्लाय वापरून निळी ट्यूब पहिली भरत असाल तर आधी एक टाकाऊ ट्यूब लावा. नळीतली हवा आत गेली की ट्यूब हमखास कमी भरते.

घरून घेतलेल्या उपाशीपोटीच्या साखरेचा रिपोर्ट कमी येतो. राखाडी ट्यूब वापरूनही असं का? (वाचक, ठाणे)

वेगळ्या न केलेल्या रक्तात पेशी साखर खातच राहतात, साध्या तापमानाला तासाला साधारण ५ ते ७ टक्के. राखाडी ट्यूबमधलं फ्लोराइड हे थांबवतं, पण त्याचा पूर्ण असर व्हायला एक-दोन तास लागतात आणि तेवढ्यात थोडी साखर जातेच. ट्यूब नीट मिसळा, बर्फाच्या डब्यात ठेवा, लवकर पोचवा. त्याच ट्यूबमधून सोडियम-पोटॅशियम मात्र करू नका.

एका हाताला सलाइन चालू असेल तर? (वाचक, नाशिक)

दुसरा हात. स्तनाची शस्त्रक्रिया झालेली बाजू आणि डायलिसिसची फिस्टुला (शस्त्रक्रियेने केलेला धमनी-शिरेचा जोड) असलेला हातही टाळा.

सुई टोचली तर काय करायचं? (वाचक, पणजी)

साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा. बोट पिळू नका, चोखू नका, स्पिरिटही ओतू नका. लगेच कळवा, एचआयव्ही प्रतिबंधक औषधं २ तासांच्या आत सुरू झाली तर उत्तम, ७२ तासांनंतर देत नाहीत. ज्याचं रक्त होतं त्याचीही तपासणी करून घ्या. हिपॅटायटिस बी लसीचे ०, १ आणि ६ महिन्यांचे तिन्ही डोस झालेले असावेत. टोपण परत लावताना टोचण्याचं प्रमाण मोठं आहे, म्हणून वापरलेल्या सुईला टोपण लावायचंच नाही. सुई पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात, बिनसुईची सिरिंज लाल पिशवीत, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत.