सगळ्याच प्राण्यांत नर-मादी बापावरून ठरतं का?

तुम्ही विचारलंय: माणसात मुलगा की मुलगी हे वडिलांवरून ठरतं असं शाळेत शिकलो, मग कोंबडी, कासव, मधमाशी यांच्यातही तसंच का? आणि वाय गुणसूत्र झिजत चाललंय म्हणतात, तर पुढे पुरुष जन्मालाच येणार नाहीत का?

दोन्हींचं उत्तर नाही असं आहे. मी पुण्यात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

"वडिलांवरून ठरतं" हे वाक्य आपल्याकडे इतकं ठासून शिकवलं जातं, ते मुली झाल्या म्हणून सुनेला बोल लावणाऱ्यांची तोंडं बंद करण्यासाठी. ते काम ते वाक्य चोख करतं आणि मी दरवर्षी ते शिकवते. पण "ठरवणारा कोण" असं विचारलं की प्राणिसृष्टी हाती लागत नाही. गर्भात नर आणि मादी अशा दोन्ही वाटा खुल्या असतात, त्यातली एक धरायला लावणारा इशारा कुठून येतो, हे विचारायला हवं. तो इशारा प्राण्यागणिक बदलतो. पुढची यंत्रणा मात्र बऱ्याच ठिकाणी ओळखीचीच निघते.

माणसाच्या गर्भात पहिले सहा आठवडे जननग्रंथी कुठल्याच बाजूची नसते. मग बापाकडून वाय गुणसूत्र आलं असेल, तर त्यावरचा एसआरवाय नावाचा जनुक थोडा वेळ जागा होतो, सॉक्स-९ या दुसऱ्या जनुकाला कामाला लावतो आणि वृषण घडायला लागतं. हा जनुक १९९० साली सापडला. पुढच्याच वर्षी एक्स-एक्स असलेल्या, म्हणजे एरवी मादी झाली असती अशा उंदराच्या गर्भात तो घातला, तर उंदीर नर झाला. म्हणजे सगळ्या वायची गरजच नव्हती, त्यावरचा एक तुकडा पुरला.

केळी पिकली की स्वयंपाकघरात चिलटं येतात ना, ती फळमाशी. तिच्यातही एक्स आणि वायच असतात, पण वायला तिथे काही विचारत नाही. एक्स किती आहेत यावर सगळं चालतं. दोन एक्स आणि एक वाय असलेला माणूस पुरुष होतो, तशीच फळमाशी मात्र मादी होते. अक्षरं तीच, पण कारभार निराळा.

कोंबडीबद्दल तुमचा अंदाज उलटा करा. पक्ष्यांत नराकडे झेड-झेड आणि मादीकडे झेड-डब्ल्यू अशी गुणसूत्रं असतात, त्यामुळे दोन प्रकारची बीजं आईकडे. आईचा झेड फक्त मुलाला मिळतो, मुलीला तिच्याकडून डब्ल्यू येतो आणि झेड बापाकडून. अंडी उबवणी केंद्रांत याचा रोजच्या धंद्यात उपयोग होतो. पंखांची पिसं उशिरा वाढवणारा एक जनुक झेडवर असतो. आई उशिरा पिसं येणाऱ्या वाणाची आणि बाप लवकर पिसं येणाऱ्या वाणाचा घेतला, की सगळी नर पिल्लं आईवर जातात आणि मादी पिल्लं बापावर. एक दिवसाच्या पिल्लाचा पंख उलगडून बघितला की लांब पिसांची ती तलंग होणार, हे सांगता येतं. अंड्यांसाठी कोंबड्या पाळणाऱ्याला नराचा उपयोग नसतो, म्हणून ही सगळी खटपट.

मधमाश्यांवर माझा जरा जास्तच जीव आहे. गणेशखिंड रस्त्यावर १९६२पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. पेटीतल्या मधमाश्या पाळणाऱ्या कुणालाही विचारा, राणी म्हातारी झाली की पोळ्यात नुसते नर निघायला लागतात, हे तो सांगेल. कारण असं, की राणी तरुणपणीच नरांशी मिलन करून शुक्राणू पोटातल्या पिशवीत साठवून ठेवते आणि पुढे अंडं घालताना ते वापरते. शुक्राणू मिळालेल्या अंड्यातून मादी होते, मग ती कामकरी असो की राणी. न मिळालेल्या अंड्यातून नर. साठा संपला की नरच नर. नर माशीला बाप नसतो, पण आईचे वडील, म्हणजे आजोबा असतात! सायलेशियातल्या झेर्झोन नावाच्या पाद्र्याने १८४५ साली हे मांडलं, तेव्हा लोकांना ते पटायला बराच वेळ लागला.

यातली खरी मेख २००३ साली उघड झाली. लिंग ठरवणाऱ्या एका जनुकाच्या अनेक आवृत्त्या मधमाश्यांत फिरत असतात. दोन वेगळ्या आवृत्त्या मिळाल्या तर मादी, एकच मिळाली तर नर. दोन मिळाल्या पण त्या सारख्याच निघाल्या, तरी नरच. अशा नराची अळी अंड्यातून बाहेर पडली की कामकरी माश्या तिला लगेच खाऊन टाकतात. म्हणून नात्यातल्या नात्यात मिलन झालेल्या वसाहतीत अळ्यांच्या पोळ्यात मध्ये मध्ये रिकामी घरं दिसतात. सगोत्र लग्नाला विरोध करणाऱ्यांनी हे उदाहरण कृपया वापरू नये.

आता कासवं. फेब्रुवारी-मार्चमध्ये पुण्याहून ताम्हिणी उतरून वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायला गाड्या भरभरून लोक जातात. त्या पिल्लांत लिंग ठरवणारी गुणसूत्रंच नसतात. उबवणीच्या मधल्या एक तृतीयांश काळात वाळू किती तापली, त्यावर काम चालतं. साधारण २९-३० अंशांच्या आसपास दोन्ही निघतात, त्याहून थंड असेल तर नर वाढतात, गरम असेल तर माद्या. मगरीत आणखी गंमत आहे. कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात जी मगर बघता, तिची अंडी ३१ अंशांपर्यंत उबवली तर सगळ्या माद्या, ३२.५च्या आसपास नर, आणि त्याच्याही वर गेलं की पुन्हा माद्या निघू लागतात. दीड अंशात कूस बदलते.

उष्णता जनुकांपर्यंत पोचते कशी, हे मत्स्यालयाच्या दुकानांत विकायला ठेवलेल्या लाल कानाच्या कासवात बऱ्यापैकी उलगडलंय. २६ अंशांना एक जनुक जोरात चालतो आणि तो डीएमआरटी-१ नावाच्या दुसऱ्या जनुकाचं कुलूप काढतो, की नर. ३२ अंशांना तो पहिला जनुकच दाबला जातो, की मादी. आणि कोंबडीच्या झेडवर बसलेला, नर घडवणारा जनुक कुठला? हाच डीएमआरटी-१. मघाशी ओळखीची यंत्रणा म्हणाले ती ही.

तापमानवाढीची चिंता इथे खरी आहे. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागातल्या किनाऱ्यांवर जन्मलेली हिरवी कासवं तपासली, तर लहान वयाच्या कासवांत ९९ टक्क्यांहून जास्त माद्या निघाल्या. हा अभ्यास २०१८ साली आला.

माशांचं थोडक्यात सांगते. समुद्रफुलाच्या आसऱ्याने राहणाऱ्या नारिंगी-पांढऱ्या क्लाउनफिशमध्ये गटातला सर्वांत मोठा मासा मादी असतो. ती मेली की तिचा जोडीदार नर काही आठवड्यांत मादी होतो आणि खालच्या नंबरचा मासा नर म्हणून बढती घेतो. इथे इशारा गुणसूत्राचाही नाही आणि उन्हाचाही नाही, गटातल्या जागेचा आहे.

पावसाळ्यात कुंडीखाली गांडुळासारखा काळा बारीक वाळा साप निघतो, त्याच्यात तर नर सापडतच नाहीत. मादी नराशिवायच अंडी घालते आणि त्यातून पुन्हा माद्याच येतात. (तो बिनविषारी आहे, झाडूने मारू नका.) सासवडच्या सीताफळांवर पांढरा कापूस धरल्यासारखा बसणारा पिठ्या ढेकूण याच्या दुसऱ्या टोकाला. त्याच्यात नराला बापाकडून गुणसूत्रं मिळतात खरी, पण त्याच्या शरीरात बापाचा सगळा संच गुंडाळून बंद ठेवला जातो आणि पुढच्या पिढीत जातच नाही. बापावरून ठरणं सोडा, नराच्या अंगात बापाचं काही चालतच नाही.

राहिला वाय झिजण्याचा प्रश्न. वाय फार पूर्वी आकसला हे खरं, पण आपला वाय ऱ्हीसस माकडाच्या वायशी ताडून पाहिला, तर वाटा वेगळ्या झाल्यापासूनच्या अडीच कोटी वर्षांत आपल्याकडून जुन्यांपैकी फक्त एक जनुक गेलेला दिसतो. शिवाय वाय सगळा गेला तरी काय होतं, याचं जिवंत उदाहरण जपानच्या अमामी बेटावर आहे. तिथल्या काटेरी उंदरांत वाय नाही, एसआरवायही नाही, आणि नर-मादी दोघांकडे एकेकच एक्स असतो. तरीही नर जन्मतात. कसे, ते २०२२ साली कळलं: नरांमध्ये सॉक्स-९च्या शेजारचा डीएनएचा एक छोटा तुकडा दुप्पट झालेला आहे आणि एसआरवायचं काम तोच करतो.