मोरचुदाशी यीस्टचा सामना

प्रश्न : द्राक्षबागेत बोर्डो मिश्रण फवारतो. त्यातल्या मोरचुदाने बुरशी मरते, मग वाइन आंबवणारं यीस्ट त्याच द्राक्षांच्या रसात तगतं कसं?

उत्तर : माझ्या जिव्हाळ्याचा विषय काढलात! मोरचूद म्हणजे तांब्याचंच संयुग. यीस्टच्या पेशीत तांबं वाढलं, की ‘एस-१’ नावाचं प्रथिन तांब्याचे चार अणू धरतं, त्याची घडी घट्ट बसते आणि ते डीएनएला चिकटून ‘कप-१’ हे जनुक चालू करतं. त्यातून बनणारं छोटंसं प्रथिन जादा तांबं पकडून ठेवतं. वाइनच्या यीस्टमध्ये या जनुकाच्या बऱ्याचदा अनेक प्रती असतात. तांबं कमी पडलं, तर ‘मॅक-१’ हे दुसरं प्रथिन तांबं आत घेणारी दारं वाढवतं. श्वसनाला तांबं लागतंच ना.

प्रयोगशाळेत मोरचूद घातलेल्या थाळीवर यीस्टच्या पांढरट वसाहती हळूहळू तपकिरी होतात. तो रंग कॉपर सल्फाइडचा. अजूनही मी थाळी खिडकीशी नेऊन बघते.