रात्रीचे जेवण सोडू नका

दारव्हा तालुक्यातील एका गावातून सव्वीस वर्षांच्या एका भगिनीने लिहिले आहे : ‘साडेचार महिन्यांपूर्वी माझे सिझर झाले. बाळ अंगावरच पिते. गर्भारपणाआधी वजन ५१ किलो होते, आता ६२ आहे. सासूबाई अजूनही रोज दोन डिंकाचे लाडू देतात आणि नाही म्हटले की त्यांना वाईट वाटते. यजमान चारचौघांत जाडी म्हणतात. दोन महिन्यांनी, तुळशीच्या लग्नानंतर, दिराचे लग्न आहे. ओळखीच्या एक बाई वजन उतरवण्याची पावडर देतो म्हणतात. सध्या मी रात्री जेवत नाही, फक्त लिंबू-मधाचे पाणी घेते. पण चक्कर येते आणि दूध कमी झाल्यासारखे वाटते. मी काय करू?’

ताई, आज संध्याकाळपासून रात्रीचे जेवण सुरू करा. बाकीच्या गोष्टी त्यानंतर. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या प्रमाणानुसार पहिले सहा महिने अंगावर पाजणाऱ्या आईला रोज सुमारे ६०० कॅलरी जादा लागतात, म्हणजे जवळजवळ एक पूर्ण जेवण, आणि तुम्ही नेमके तेवढेच जेवण ताटातून काढून टाकले आहे. दूध खरोखर कमी झाले आहे का, हे बाळच सांगेल. ते दिवसभरात सहा किंवा अधिक वेळा लघवी करत असेल आणि अंगणवाडीत दर महिन्याला त्याचे वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे असे समजावे. तसे नसेल, तर बाळाला अधिक वेळा पाजून लगेच डॉक्टरांना दाखवावे.

चक्कर येण्याकडे मात्र दुर्लक्ष करू नका. अंग भरलेले दिसले की रक्तही भरपूर असेल असे आपल्याकडे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळते, आणि वजन वाढलेली बाळंतीणही त्यातून सुटत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायच्या लोहाच्या लाल गोळ्या तेथे मोफत मिळतात. तुम्ही त्या मध्येच थांबवल्या असतील, तर आशाताईंकडून पुन्हा घ्या. गोळी किंवा जेवण यांच्या मागेपुढे तासभर चहा टाळा, कारण चहाने लोह अंगाला नीट लागत नाही.

आता लाडवांविषयी. डिंक, खोबरे, खारीक, गूळ आणि तूप घालून वळलेला तो मुठीएवढा लाडू पूर्वीच्या बाळंतिणीला फार उपयोगी पडला, कारण तिचे ताट एरवी रिकामेच असे आणि सव्वा महिना उलटतो न उलटतो तोच ती निंदणाला जात असे. तुमचे काम सध्या बव्हंशी घरातले आहे. म्हणून सकाळी एक लाडू मनापासून खा आणि दुसरा सोडा. सासूबाईंना ‘नको’ म्हणण्याऐवजी ‘आई, दुसऱ्या लाडवाच्या जागी मला वाटीभर घट्ट वरण आणि भाजी द्या’ असे म्हणून पाहा. त्यांना तुम्हाला खाऊ घालायचे आहे, ते सुख त्यांच्याकडून काढून घेऊ नका. दोन्ही वेळा ज्वारीची भाकर, तुरीचे वरण किंवा मोड आलेली मटकी, एखादी पालेभाजी, ताक, आणि जमेल तेव्हा अंडे, असे ताट असावे. भाजी वातूळ असते म्हणून बाळंतिणीला फक्त तूप-भात देण्याची आणि पाणी तोलूनमापून देण्याची प्रथा तुमच्या घरी अजून पाळली जात असेल, तर ती आता सोडा. दिवसभरातील चहाची साखर आणि बाळ झोपल्यावर तोंडात टाकला जाणारा चिवडा-फरसाण, एवढे कमी केले तरी बराच फरक पडेल.

वजन आठवड्याला अर्धा किलो या गतीने उतरले, तर ते आईलाही सोसते आणि दुधालाही. या हिशेबाने लग्नापर्यंत तीन-चार किलो उतरतील, अकरा उतरणार नाहीत. म्हणून लग्नातले ब्लाऊज आजच्याच मापाचे शिवावे, असे मी स्पष्ट सांगते. पावडर अजिबात घेऊ नका. तिच्यात काय मिसळले आहे हे विकणाऱ्या बाईंनाही ठाऊक नसते, आणि आईच्या पोटात गेलेले कित्येक पदार्थ दुधातून बाळापर्यंत पोहोचतात.

चालणे पहाटे, ऊन चढण्याआधी, शेताच्या रस्त्याने पंधरा मिनिटांपासून सुरू करावे आणि हळूहळू अर्ध्या-पाऊण तासापर्यंत न्यावे. पोट कापडाने आवळल्याने चरबी जात नाही. पोटाचे व्यायाम सुरू करण्याआधी एक तपासणी घरीच करा : पाठीवर झोपून गुडघे दुमडा, डोके किंचित उचला आणि बेंबीच्या वर-खाली बोटे आडवी ठेवून चाचपा. मधोमध दोनांहून अधिक बोटे आत जात असतील किंवा उंचवटा वर येत असेल, तर पोटाचे स्नायू अजून फाकलेले आहेत. अशा वेळी झोपून एकदम उठून बसण्याचे व्यायाम करू नयेत. श्वास सोडताना बेंबी हळूच आत ओढून धरणे आणि लघवी रोखल्याप्रमाणे खालचे स्नायू आवळून सोडणे, एवढे पुरे. टाक्यांच्या जागी दुखत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्याचा भरलेला गुंड उचलू नका.

नीट जेवून आणि चालूनही वजन वाढतच राहिले, फार थंडी वाजू लागली किंवा बद्धकोष्ठता राहिली, तर थायरॉईड तपासा. गर्भारपणी साखर वाढलेली असेल, तर तीही तपासायची राहू देऊ नका.

यजमानांना हे पत्र वाचायला द्या. ज्या शरीराने त्यांचे मूल नऊ महिने वाढवले, त्याची चारचौघांत चेष्टा करणे त्यांना शोभत नाही; त्याऐवजी पहाटे अर्धा तास त्यांनी बाळ सांभाळावे. तुम्हाला दोन आठवड्यांहून अधिक काळ रडू येत असेल, बाळ झोपले तरी झोप लागत नसेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर वजनाचा विषय बाजूला ठेवून ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा; तो मोफत आहे, रात्रीही लागतो आणि तेथे मराठीत बोलता येते.